तुमच्या कात्रीचे दोन दोरे

अक्का, आपल्याला मिळालं!

आधी बातमी, मग बाकीचं. लांबण लावलेली तुम्हाला आवडत नसे. दवाखान्याच्या भिंतींबाहेर जाऊन लोकांमध्ये केलेल्या कामासाठी राज्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचा गौरव करतात ना, तो यंदा आपल्या सोलापूरच्या कॉलेजला आहे. आणि तो आहे आपल्या गुरुवारच्या ओट्यासाठी. तुमच्या ओट्यासाठी. भवानी पेठेतल्या त्या चार फूट रुंद, कोपऱ्यातली फरशी उचकटलेल्या ओट्यासाठी. डीन सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, गाडीच्या डिझेलवरून पुन्हा बोलणी खायची आहेत. त्यांनी पत्र पुढं केलं. मी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, पर्स उचलली आणि तडक रिक्षा पकडून तुमच्याकडं निघाले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की तुम्ही जाऊन दहा दिवस झालेत.

रिक्षा मागं वळवली नाही. गल्लीला तर सांगायचंच होतं.

मी ओट्याशी उभी राहून मोठ्यानं सांगितलं, आणि अक्का, पंधरा-वीस बायकांचे हात एकदम थांबले. विडी वळणाऱ्या बाईचा हात दिवसाउजेडी थांबत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या दिवशी थांबले. शेजारच्या रजियाबीनं मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला सारलं आणि तंबाखूच्या हातानंच माझे गाल धरले. मला सटासट चार शिंका आल्या. सगळ्या हसायला लागल्या.

"पुण्याला बोलावलंय," मी म्हटलं. "कॉलेजची बस जाणार. गल्लीतल्या सहा जणी यायच्या आहेत."

"सहाच? बस केवढी हाय?"

"तितं सूप नेलं तर चालतंय का मॅडम? दिवस वाया जातो की."

"अय्यो, बक्षीस घ्यायला चाललीस का विड्या वळायला?"

"बसून बसून काय करू मग? भाषणं ऐकू?"

तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला तिथंच ऐकू आलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, गोड गोड झालं, आता खरं बोल. तेच बोलायला बसले आहे. तुम्ही होता तेव्हा बोलले नाही, ती माझी चूक. पण ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं.

मी कॉलेजच्या जनआरोग्य विभागात समाजसेवा अधीक्षक. पद मोठं वाटतं. काम म्हणजे डॉक्टरांना लोकांपर्यंत आणि लोकांना डॉक्टरांपर्यंत ओढत नेणं. तुमच्या गल्लीत पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याबरोबर दोन शिकाऊ डॉक्टर मुली होत्या, टेबल होतं, चार खुर्च्या होत्या आणि बॅनर होता. देवळासमोर आम्ही दोन तास बसलो. एक बाई फिरकली नाही. मला राग आला. मोफत तपासणी, दारापर्यंत आलेली, आणि या जागच्या हलत नाहीत! मी तरातरा तुमच्या ओट्यावर आले, कारण तिथं सगळ्यांत जास्त बायका बसल्या होत्या, आणि विचारलं, "इथली पुढारी कोण?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "पुढारी मेलं. काय पायजे?"

"तपासणीला का येत नाही तुम्ही?"

"किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं एकीला."

"दहा मिनटात किती विड्या व्हतात तुला म्हाईत हाय का?" मग तुम्ही पहिल्यांदा वर बघितलंत. "कूसो. बस की खाली. तुझं टेबल हितं येत न्हाई, पर तू येऊ शकतीस."

मी बसले. साडी खराब झाली. मुलीही बसल्या. आणि तिथं जमिनीवर, सुपांच्या मधोमध, आपलं काम सुरू झालं. तुम्ही मला पहिल्या मिनिटापासून एकेरीत बोलावलंत, वर 'मॅडम' पण म्हणालात. मी तुम्हाला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हटलं. आता बदलत नाही.

पहिलं भांडण त्याच दिवशी झालं. बीपी मोजताना माणसानं आधी पाच मिनिटं शांत बसावं लागतं. हात हलवायचा नाही, बोलायचंही नाही. तुमच्या बायका दोन्ही करत होत्या. आकडे सगळे वरचे यायचे. त्यात शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट. मुलींना स्टेथोमधून काही ऐकूच येईना. एक मुलगी रडवेली झाली. तुम्ही म्हणालात, गुरुवारी या, गुरुवारी मागाला सुट्टी असते. त्या दिवसापासून आपला गुरुवार ठरला. अर्जात मी लिहिलं आहे, 'स्थानिक परिस्थितीचा अभ्यास करून वाराची निश्चिती करण्यात आली.' अभ्यास म्हणजे तुम्ही.

पण हात थांबवायचे कसे? "हात थांबला की दिवस थांबला," तुमचं एकच पालुपद. मी म्हणायची, पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. तुम्ही म्हणायचात, तुझं न्हाई बिघडत. शेवटी तुम्हीच तोडगा काढलात. साडेअकराला सगळ्यांनी एकदम थांबायचं, म्हणजे कुणी कुणाच्या पुढं जात नाही. हात मांडीवर, तोंड बंद. कुणी कुजबुजलं तर तुम्ही चप्पल उचलायचात. माग बंद, बायका गप्प. एवढी शांतता त्या गल्लीनं कधी ऐकली नसेल. बाहेरून जाणारे लोक थांबून विचारायचे, कोण गेलं?

आता दोऱ्यांचं. बीपीची गोळी रोज घ्यायची, साखरेची रोज घ्यायची, हे सांगून सांगून माझा घसा बसला. कोणाला कुठली गोळी हे नवीन येणाऱ्या मुलींना कळत नसे. दर महिन्याला त्या बदलायच्या. माझं रजिस्टर होतं, पण त्यात लक्ष्मीबाई नऊ होत्या. तुम्ही एक दिवस विड्यांची बंडलं बांधायचं रीळ घेतलंत, आतल्या खोलीतून रंगीत सूत आणलंत, आणि ज्या बाईला बीपी तिच्या सुपाच्या काठाला लाल दोरा, साखर तिला पिवळा, असं बांधून टाकलंत. म्हणालात, "तुझ्या पोरींना वाचता येतं, पर बघता येत न्हाई. आता बघत्याल." आणि खरंच. मुलगी यायची, सूप बघायची, गोळ्यांची पुडी सुपाच्या कोपऱ्यात ठेवायची. बाई दिवसभर त्या सुपासमोर बसणार, गोळी विसरायची कशी?

मी तेव्हा तुम्हाला शाबासकी दिली नाही. "बरं आहे," म्हणाले. माझा स्वभाव.

मग ते झालं. तुम्ही स्वतःसाठी नवं सूप आणलंत, जुनं नव्या सुनेच्या मांडीवर ठेवलंत आणि भाचीच्या लग्नाला तेलंगणात गेलात. सून म्हणजे पद्मजा, येऊन महिना झालेली, मराठीचा एक शब्द येत नव्हता. गुरुवारी आमची मुलगी आली. सुपाला लाल दोरा. तिनं पुडी ठेवली. पद्मजाला वाटलं, सासरची रीत असेल. रोज एक गोळी तिनं इमानानं घेतली. सहाव्या दिवशी नळावर घागर उचलताना चक्कर येऊन पडली. कपाळाला खोक पडली, आणि तिला रिक्षात घालून आणलं ते आमच्याच दवाखान्यात.

निरोगी मुलीला सासूच्या बीपीची गोळी! आजार सुपाबरोबर सुनेला गेला.

तुम्ही लग्न अर्धं टाकून आलात. मी ओट्यावर तुमची वाटच बघत होते. गल्लीसमोर तुम्हाला काय काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "गोळी बाईला द्यायची की सुपाला? उद्या हिचं काही झालं असतं तर? दोरे बांधून दवाखाना चालत नसतो!" आणि मी एकेका सुपाचा दोरा माझ्या हातानं तोडला. तुम्ही एवढंच म्हणालात, "दोरा मी बांधले. गोळी तुझी पोरगी दिली. नाव विचारायला काय झालं व्हतं तिला?"

खरं होतं ते. नाव विचारून, चेहरा बघून गोळी द्यायची हा पहिला धडा, आणि तो आम्ही मुलींना नीट शिकवला नव्हता. दोष आमचा होता. मला त्याच मिनिटाला कळलं होतं. पण मी रागात होते, घाबरले होते, आणि गल्ली बघत होती. अक्का, त्याबद्दल मी माफी मागितली नाही. आज मागते.

मी जाड पुठ्ठ्याची कार्डं छापून आणली. नाव, वय, औषध. महिन्याभरानं बघते तर अर्धी कार्डं सुपात तंबाखू सारायला वापरलेली. पुठ्ठा चांगला होता म्हणे. गोळ्या घेणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या. आपण दोघी दीड महिना नुसतं 'आलीस?' 'आले' एवढ्यावर होतो.

मग एका गुरुवारी मी ओट्यावर पाय ठेवला तर सगळ्यांच्या कात्र्या ओळीनं फरशीवर मांडलेल्या. पान कापायच्या कात्र्या. तुम्ही एक उचलून माझ्यापुढं धरलीत.

"हे कुणाचं?"

"मला काय माहीत?"

"रजियाबीचं. मी मागितलं तर देईल का इचार."

रजियाबी लगेच, "मरूंगी, पर देनार नै."

"सूप सासूचं सुनेला जातं," तुम्ही म्हणालात. "पाट जातो, घागर जाती. कात्री कुणी कुणाला देत न्हाई. दिली तर हात बिघडतो. ज्याची कात्री त्याचा हात. आता बांधू दोरा?"

विभागात बसून आम्ही चार डिग्र्यावाले दीड महिना कार्डाचा रंग बदलावा का यावर चर्चा करत होतो!

"बांधा," मी म्हटलं. "पण दोरा बघायचा, नाव विचारायचं, मगच गोळी. आणि तीन वेगवेगळ्या दिवशी बीपी वर आल्याशिवाय लाल दोरा नाही."

"व्हय बाई, तुझं बी एक राहू दे."

पहिला लाल आणि, मधल्या काळात साखरही निघालेली म्हणून, पहिला पिवळाही तुम्ही स्वतःच्या कात्रीला बांधलात. दोन्ही एकाच दांडीला. त्यानंतर एकही चूक झाली नाही. दुसऱ्या गल्ल्यांनी उचललं. आमच्या कॉलेजात शिकायला येणारी प्रत्येक तुकडी पहिल्या महिन्यात तुमच्या ओट्यावर मांडी घालून बसायला लागली. ज्यांना मांडी घालता येत नव्हती त्यांना तुम्ही शिकवलीत.

तर एवढं सगळं झाल्यावर गौरवाचा अर्ज आला आणि तो भरला मी. त्यात एक रकाना होता: ही कल्पना प्रथम कोणी मांडली? मी लिहिलं, 'जनआरोग्य विभाग'. हात अडखळला नाही, खोटं कशाला बोलू. कॉलेजचा अर्ज, कॉलेजचं नाव, असाच विचार केला. कार्यालयात बावीस वर्षं काढली की असा हात आपोआप चालतो. तुम्ही विचारलंत, "कागदात काय काय लिहिलीस?" मी म्हटलं, "सगळं लिहिलंय." सुपाच्या चुकीचं तर अक्षरही लिहिलं नव्हतं.

मग गौरव ठरवणाऱ्या समितीची तीन माणसं पाहणीला आली. दोन पुरुष, एक बाई. तिघंही ओट्यावर बसली, आणि त्यातल्या बाईंनी कात्री हातात घेऊन विचारलं, "किती सोपं आहे हो! कुणाला सुचलं हे?"

डीन सर म्हणाले, "आमच्या विभागाला."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. मीच तसं लिहिलं होतं. मी उजवीकडं बसले होते, तुम्ही समोर. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. राग नव्हता त्यात. नुसतं बघितलंत, पानाची नळी वळलीत, तिचं तोंड दुमडलंत, दोरा गुंडाळलात, विडी सुपात टाकलीत. मी चष्मा पुसत राहिले.

ते गेल्यावर तुम्ही एकच वाक्य बोललात. "तुझा विभाग लई हुशार हाय की, मॅडम."

बायका हसल्या. मीही हसले. आणि मनात म्हटलं, पुढच्या गुरुवारी एकटीला गाठून बोलू. पुढच्या गुरुवारी तुम्हाला पाहुणे होते. त्याच्या पुढच्या गुरुवारी मला मीटिंग होती. तिसऱ्या बुधवारी सकाळी पद्मजाचा फोन आला. चहा ठेवता ठेवता तुम्ही भिंतीला टेकलात आणि खाली बसलात, ते उठलाच नाहीत. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मी तुमच्या घरी आले तेव्हा पहिलं काम काय केलं असेल तर तुमच्या गोळ्यांची पट्टी शोधली. एकही चुकवली नव्हती. त्या दिवसाचीही घेतलेली होती. मिश्री मात्र शेवटपर्यंत सोडली नाहीत. डबी उशाशीच होती. मी म्हणायची, तंबाखू दातांना लावू नका, तोंडाचा नाश होईल, वळायचं कामही सोडा. तुम्ही म्हणायचात, "आमी वळायचं सोडलं तर आमाला काय देनार तू?" हे भांडणही अर्धंच राहिलं. त्याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं, आजही नाही. कॉलेजकडंही नाही.

दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. डीन सर म्हणाले, आज ओटा बंद ठेवू, दोन मिनिटं शांतता पाळू. मी बंद ठेवला नाही. तुम्ही ठेवू दिला नसता. साडेअकराला सगळ्या जणी हात मांडीवर घेऊन बसल्या, पाच मिनिटं, नेहमीसारख्या. चप्पल उचलायला कुणी नव्हतं आणि लागलीही नाही. मग मुलींनी बीपी मोजलं. अक्का, त्या दिवशी झाडून सगळ्यांचं वर होतं. मी रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, 'आजचे आकडे धरू नयेत.'

तर असं सगळं मनात साठलेलं असताना गौरवाचं ते पत्र हातात पडलं. गल्लीत आरडाओरडा करून, हसून, शिंकून मी घरी आले आणि जेवण जाईना. सोमवारी सकाळी डीन सरांसमोर उभी राहिले.

"सर, अर्जात दुरुस्ती कळवायची आहे."

"आता? निकाल लागलाय!"

"म्हणूनच आता."

मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपरवेट बाजूला ठेवलं. म्हणाले, "नाव घालू आपण भाषणात. पत्र कशाला? आणि ती चुकीच्या गोळीची गोष्ट तर मुळीच नको. अर्जात माहिती चुकीची दिली म्हणून काढून घेतलं तर? दहा वर्षांचं काम आहे सगळ्यांचं."

"काढून घेतलं तर घेतलं. काम राहील."

"तुम्हाला याची किंमत मोजावी लागेल, शैलाताई."

"सर, रकाना मी भरला होता. दुरुस्तीवर सही माझी राहील."

मी धीट नाही. पत्र पाठवल्यावर तीन दिवस फोन वाजला की उचलायच्या आधी नंबर दोनदा वाचत होते. गल्लीत बायका साड्या काढून ठेवत होत्या, ब्लाऊज शिवायला टाकत होत्या. त्यांना काय सांगणार होते, माझ्या एका रकान्यापायी बस रद्द? रजियाबीनं तर लग्नानंतर पहिल्यांदा मेंदी काढून घेतली होती.

चौथ्या दिवशी फोन आला. पाहणीला आलेल्या त्याच बाई. म्हणाल्या, "पत्र वाचलं. तिघांनीही वाचलं. चूक लपवली होती हे बरं केलं नाहीत. निवड मात्र कायम आहे. सुपाची गोष्टही मानपत्रात घेतोय, दुसऱ्या कॉलेजांना उपयोग होईल. आता एक सांगा, त्या बाईंचं पूर्ण नाव काय?"

आणि अक्का, मला तुमचं पूर्ण नाव माहीत नव्हतं!

दहा वर्षं. दर गुरुवारी. रजिस्टरमध्येसुद्धा मीच लिहायची, 'अक्का'. हसू आलं मला, खरंच आलं. मुलींना 'नाव विचारल्याशिवाय गोळी नाही' असं दरडावणारी मी. "अर्ध्या तासात कळवते," म्हटलं आणि पळाले. गुरुवारच होता.

पद्मजानं तुमचं आधार कार्ड काढलं. नरसम्मा. फोटोत तुम्ही कॅमेऱ्यावर चिडलेल्या. मी तिथूनच फोन करून नाव सांगितलं, तीनदा अक्षरं लावून. मग फोन ठेवला आणि बघितलं तर पद्मजाच्या मांडीवरच्या सुपात तुमची कात्री.

"तुझी कुठं गेली?"

"बोल्ट तुटला मॅडम. नवी घेईपर्यंत हे." मग खाली मान घालून सासूबद्दल म्हणाली, "अत्तम्मानीच सांगितलं व्हतं. मी गेल्यावर तू घे, म्हनून."

दांडीवर दोन दोरे तसेच. पाण्यानं, तंबाखूनं लाल काळपट झालेला, पिवळा मातकट.

"दोरे काढ आधी."

"राहू द्या की. आठवण हाय."

"आठवण फोटोत ठेव. आज नव्या मुली आल्यात." मी तिच्या कपाळावरच्या खुणेकडं बोट दाखवलं. "परत नळावर पडायचंय का?"

ती हसली आणि एकदम रडायला लागली. मी दोरा सोडवायला घेतला. तुमची गाठ, नखानं कसली सुटतेय! आणि तुमच्या कात्रीनं तुमच्याच कात्रीच्या दांडीचा दोरा कापता येत नाही. मी इकडंतिकडं बघतेय, तेवढ्यात बाजूनं एक कात्री पुढं आली. मेंदीच्या हातात. मरेन पण देणार नाही म्हणणारी रजियाबी.

"लेव," ती म्हणाली. "आणि बोलू नको काय."

मी कात्री घेतली. लाल कापला. पिवळा कापला. कात्री तिची तिला दिली. पद्मजाला पाच मिनिटं गप्प बसवून बीपी मोजलं: एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. दोरा लागत नाही. आता ती कात्री तिची.

मी उठणार, तर रजियाबीनं माझा पदर ओढला. "तू बी बस मॅडम."

"मला कशाला?"

"अक्का रोज बोलायची. दुसऱ्याचं बघती, हिचं कोन बघनार?"

बोलायचात तुम्ही, खरं आहे. दर गुरुवारी. आणि मी दर गुरुवारी, 'माझं ठीक आहे', म्हणून पिशवी उचलायची. त्या दिवशी बसले. मुलीनं पट्टा बांधला, मोजलं, आणि आकडा सांगायच्या आधी माझ्याकडं बघितलं. त्यावरून कळलं. शनिवारी ओपीडीत मोजून घेतलं, सोमवारी पुन्हा. तिन्ही वेळा वर. नियम माझाच, पळवाट कुठली?

काल रजियाबी लाल दोरा घेऊन आली, नव्या रिळाचा. माझ्याकडं कात्री नाही. पेन मी कुणालाही देते. तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं, नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि त्याच्या दांडीला गाठ मारली. "हे तर कुनाला देत नै ना?"

उद्या सकाळी सहाला बस आहे. सहा जणी ठरल्या होत्या, अकरा येताहेत, तीन सुपं आणि डबे घेऊन. मानपत्र घ्यायला पद्मजा मंचावर जाणार. डीन सरांनीच तसं सुचवलं. ते वाचून दाखवायचं काम मला दिलंय. त्यात तुमचं पूर्ण नाव आहे, दुसऱ्याच ओळीत. आणि चष्म्याशिवाय मला एक अक्षर दिसत नाही, तेव्हा दोरा सगळ्या सभागृहाला दिसणार.

दिसू दे. आजची गोळी घेतली आहे.